मल्हारअण्णांचे चाळीस आणि पंचवीस

मल्हारअण्णा इंगळे दोन घड्याळं घालत. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. रस्त्यात कुणी वेळ विचारली की आधी डावा हात वर व्हायचा, मग उजवा, मग दोन्ही मनगटं छातीजवळ एकमेकांशेजारी यायची. विचारणाऱ्याला वाटायचं, म्हातारा आता नमस्कार करणार. तेवढ्यात अण्णा सांगत, "ह्याच्यात सव्वानऊ, ह्याच्यात नऊ सतरा. तुम्हाला कुठली पाहिजे?"

बस पकडायची असलेला माणूस सव्वानऊ घ्यायचा आणि चालू लागायचा. अण्णांना मात्र खरी वेळ कुठली याची घाई नव्हती. "पाहतोय," ते म्हणत. "कळेल."

घड्याळांच्या एका सरकारी कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली होती. तयार झालेलं घड्याळ प्रमाण घड्याळाशेजारी ठेवायचं आणि किती मागं पडतं, किती पुढं पळतं, ते पाहायचं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय घरी आली. अण्णा अर्धी दाढी एका ब्लेडनं करत आणि अर्धी दुसऱ्यानं. मग दुपारपर्यंत मधूनमधून दोन्ही गालांवरून हात फिरवत. मॅजेस्टिकच्या बसस्टँडला जाताना एका रस्त्याची बस धरत, येताना दुसऱ्या. भाजीवाल्याकडून एकच नारळ घेतलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. एकटी वस्तू त्यांना बिचारी वाटे. "एकट्याला काय कळतं ओ? शेजारी दुसरं ठेवा, मग ते बोलायला लागतं."

मी नाशिकहून बंगळूरला आलो तो हेब्बाळच्या बाजूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून. राजाजीनगरात वरच्या मजल्यावर भाड्यानं घर घेतलं. मागच्या रस्त्यावर अण्णांचं बैठं घर. दूधवाल्याची चौकशी करायला म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तर त्यांनी मला बसवलं, आत गेले आणि स्वतः कॉफी करून घेऊन आले. दोन कप. दोन्ही माझ्याच पुढ्यात.

"ही स्वल्प घ्या. आता ही घ्या. कुठली?"

नवीन गाव, नवीन शेजार. मी म्हणालो, "दोन्ही चांगल्या आहेत."

अण्णांनी परीक्षकासारखा उसासा टाकला. "दोन्ही चांगल्या, असं नसतं. जीभ घाबरते, म्हणून माणूस तसं म्हणतो. परत घ्या."

मी परत घेतली. बराच विचार करून डावीकडची चांगली म्हणून सांगितलं. उजवीत जरा चिकोरी जास्त वाटते, असंही वर ठोकून दिलं.

"दोन्ही एकाच भांड्यातल्या आहेत," अण्णा शांतपणे म्हणाले. "कॉफी नव्हतो पाहत. तुम्हाला पाहत होतो."

मी पास झालो की नापास, ते त्यांनी सांगितलं नाही. पण दूधवाला दुसऱ्या दिवसापासून यायला लागला. खरं तर दोन आले.

त्यांचं घराणं बंगळुरात इतकं जुनं की आम्हा नोकरीवाल्या मराठी माणसांना ते पाहुणेच समजत. "आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही रेल्वेनं," असं ते मोठ्या मनानं सांगत, जणू आमचाही काही दोष नव्हता. त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरलेली की कुठली भाषा कुठं संपते ते त्यांनाही ठाऊक नसावं. माझी बायको सुधा पुण्याची. पहिल्यांदा तिनं "सुम्ने बसलोय" हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं, सुम्ने नावाचं कुणी सोबत बसलंय. सुम्ने म्हणजे उगीच आणि सरी म्हणजे बरं, हे तिला मागाहून कळलं. पुढं तीच आमच्या घरी "सुम्ने कशाला भांडतोस?" म्हणू लागली.

अण्णांच्या पत्नी, रुक्माक्का, त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. आतल्या खोलीच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या, एवढंच. जुन्या वळणाचं घर असेल, असं मी मनात म्हटलं.

आता कॉम्प्युटरची गोष्ट.

आमच्या भागातल्या छोट्याशा मराठी मंडळाचं ते रौप्यमहोत्सवाचं वर्ष होतं आणि मी मंडळाचा चिटणीस होतो. ज्या सभेला मी गेलो नव्हतो त्या सभेत मला एकमतानं निवडलं होतं. गणेशोत्सवात स्मरणिका काढायची, आणि ती सायक्लोस्टाइलच्या शाईनं बरबटलेली नको, कॉम्प्युटरवर नीट देवनागरी अक्षरात हवी, असं ठरलं. कॉम्प्युटर मात्र कुणाकडंच नव्हता. तेव्हा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा कारखाना असलेले आमचे सभासद कुलकर्णी पुढं आले. त्यांच्या ऑफिसात नवे पेंटियम आले होते आणि दोन जुने कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात पडले होते. "दोघांतला कुठलाही एक मंडळाला घ्या," ते म्हणाले. "उरेल तो हुबळीला भाच्याकडं पाठवतो."

इतकं साधं होतं. पण समितीत एकानं विचारलं, "दोघांतला चांगला कुठला?"

कुलकर्णी म्हणाले, "एकात तीनशे शहाऐंशी प्रोसेसर आहे, पण चाळीसच्या वेगाचा. दुसऱ्यात चारशे शहाऐंशी आहे, पण पंचवीसच्या वेगाचा."

झालं. अर्धी समिती म्हणाली चारशे म्हणजे तीनशेच्या वर. उरलेली अर्धी म्हणाली चाळीस म्हणजे पंचवीसच्या वर. सगळ्यांना आकडे वाचता येत होते, हीच अडचण होती. आवाज चढले. एका माजी अध्यक्षांनी तर त्यांच्या दोन स्कूटर्सचं उदाहरण द्यायला सुरुवात केली आणि मूळ मुद्दा दिसेनासा झाला.

अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते उठले, कुलकर्ण्यांजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "स्वल्प समजावून सांगा ओ. हा प्रोसेसर म्हणजे काय करतो?"

कुलकर्णी समजावण्यात हुशार. "अण्णा, हॉटेलातले दोन सप्लायर समजा. हा चाळीसवाला भराभरा पळतो. पण गिऱ्हाइकानं साखर मागितली की परत आत भटारखान्यात. चमचा मागितला की परत आत. हा पंचवीसवाला सावकाश चालतो, पण साखर, चमचा, पाण्याचा ग्लास, नेहमी लागणाऱ्या चार गोष्टी जवळच बाळगतो. आणि एका खेपेत कामही जास्त उरकतो."

"मग टेबलावर कॉफी आधी कुणाची येते?"

"ते गिऱ्हाईक काय मागतं त्यावर आहे."

अण्णांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मी अजून विसरलो नाही. आयुष्यभर प्रमाण घड्याळाशी सामान्य घड्याळं जुळवली, आणि आता ह्या वयात समोर असे दोघं आले होते की ज्यांचा निकाल देवालाही ठाऊक नव्हता.

"मग पाहायला पाहिजे," ते म्हणाले. "दोन्ही माझ्या घरी आणा."

युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सुमाराला दोन्ही कॉम्प्युटर रिक्षानं अण्णांच्या घरी आले. रिक्षात अण्णा मांडीवर मॉनिटर घेऊन, वऱ्हाडात करवला बसतो तसे बसले होते. पुढच्या खोलीत दोन टेबलं शेजारी शेजारी लागली. डब्यांच्या पुढच्या बाजूला वेगाचा आकडा दाखवणारे लाल-हिरवे दिवे असत तेव्हा. त्यावरून अण्णांनी नावं ठेवली, चाळीस आणि पंचवीस. त्याच बाजूला एक बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्युटर मुद्दाम सावकाश चालायचा. जुन्या कामांसाठी ती सोय आहे, असं कुलकर्ण्यांनी सांगितलं, तेव्हा अण्णा बराच वेळ त्या बटणाकडं पाहत राहिले. "हे आमच्या सिटी बसच्या ड्रायव्हरला बसवायला पाहिजे."

पहिली परीक्षा यादीची. मंडळाच्या सभासदांची नावं दोन्हीत घातली आणि आडनावांच्या क्रमानं लावायला सांगितली. पंचवीस जरासा आधी आला. "एका शर्यतीनं काय होतं?" अण्णा म्हणाले. दुसरी परीक्षा देवनागरी पान पडद्यावर उमटायची. त्यातही पंचवीस पुढं, पण केसाइतकाच. तिसरी छपाईची. तिथं दोघं अगदी बरोबरीत सुटले, कारण प्रिंटर एकच होता आणि तो आपल्या चालीनं घरघरत होता. त्याला आत कोण बसलंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "हा प्रिंटर आमच्या कारखान्यातल्या मॅनेजरसारखा आहे," अण्णा म्हणाले. "खाली कितीबी पळा."

मग अण्णांच्या डोक्यातून परीक्षा निघायला लागल्या. दोन ओले रुमाल दोन डब्यांवर पसरून ठेवले, कुठला आधी वाळतो ते पाहायला. म्हणजे कोण जास्त तापतो ते कळेल. बाहेर विजेच्या मीटरसमोर स्टूल टाकून, कुणाच्या वेळी चकती जोरात फिरते ते पाहत बसले. एकदा तर त्यांनी कान लावून दोघांचे पंखे ऐकले आणि पंचवीसचा श्वास जरा लागतो असं निदान केलं. समोरच्या घरातले कानडी आजोबा तेव्हा तिथं होते. त्यांनीही कान लावला आणि मान डोलावली.

हळूहळू ती पुढची खोली भरायला लागली. टाइप करायला माणसं हवी म्हणून दुपारी मंडळाच्या बायका येऊ लागल्या, त्यात सुधाही होती. दोघीजणी एकच मजकूर दोन्हीवर टाइप करत, मग जागा बदलत, कारण अण्णांच्या मते बोटांचा वेग वजा करायला हवा होता. संध्याकाळी गल्लीतली पोरं विटा रचायचा खेळ खेळायला येत. तीही परीक्षाच होती. निवृत्त मंडळी तर काहीच न करता येत आणि मतं देत. करंट जायचा तेव्हा सगळे तिथंच बसून राहत, कारण मधेच गेलेला करंट आला की दोघांतला कोण आधी उठून कामाला लागतो, तेही पाहायचं असे.

आठवडे गेले. समितीनं विचारलं, निकाल काय? अण्णा म्हणाले, "पंचवीसकडं झुकतंय. पण चाळीसवर अन्याय नको."

साड्यांची परीक्षा त्याच सुमाराची. अण्णांना शंका आली की बायकांना कुठला कोण हे माहीत असल्यामुळं त्यांचं मत आधीच बनलेलं असतं. म्हणून त्यांनी दोन्ही डबे झाकून टाकायचे ठरवले. आतून रुक्माक्का दोन साड्या घेऊन आल्या, एक हिरवी, एक जांभळी. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. साडीची घडी मोडताना त्या सुधाला सांगू लागल्या, ही हिरवी चिकपेटेतून आणलेली, दिरांच्या लग्नातली, तेव्हा दुकानदारानं आतल्या कपाटातून काढून दिली होती. काठावरून बोट फिरवत त्या बोलत होत्या आणि अण्णा दारात उभं राहून ऐकत होते, कॉम्प्युटर बाजूलाच राहिले.

परीक्षेचा निकाल असा लागला की सगळ्या बायकांना हिरव्या साडीखालचा कॉम्प्युटर जलद वाटला. अण्णांनी कुणाला न सांगता साड्यांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशीही हिरवाच जलद.

"म्हणजे साडी जिंकली," सुधा म्हणाली.

"चिकपेटेची आहे," अक्का म्हणाल्या. सगळी खोली हसली, आणि अण्णा सगळ्यांत जास्त.

त्या दिवसापासून अक्का बाहेर बसू लागल्या. त्यांचं माहेर देवनहळ्ळीचं. तिथल्या किल्ल्याच्या, परड्यातल्या पपनसाच्या झाडांच्या गोष्टी त्या सांगत. स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर त्यांनी अण्णांच्या तोंडावर सांगितली. "मला पाहायला आले, तर माझ्या वडलांना म्हणाले, धाकटीला पण शेजारी बसवा. तुलनेसाठी! वडलांनी हाकलून दिलं."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. तुलना नको म्हणाले."

अण्णा चाळीसच्या मागची वायर तपासण्यात एकदम गुंग झाले.

अक्का एक करत. गोष्ट सांगून झाली की थोड्या वेळानं सुधाला विचारत, "तू कुणाची गं?" सुधा सांगे. पुन्हा थोड्या वेळानं तेच. सुधा दर वेळी तितक्याच आनंदानं सांगे. एकदा घरी आल्यावर म्हणाली, "अक्कांना विसरायला होतंय रे. साधं विसरणं नाही."

आषाढ आला तरी निकाल नव्हता. स्मरणिकेचा मजकूर अर्धा चाळीसमध्ये अडकलेला, अर्धा पंचवीसमध्ये. गणपती तोंडावर. कुलकर्ण्यांच्या भाच्याची हुबळीहून विचारणा सुरू झाली होती. समितीची बैठक चांगलीच तापली. "हा माणूस कॉम्प्युटरवर मांडी घालून बसलाय," एकजण म्हणाले. "रविवारी जाऊन दोन्ही उचलून आणा. चिटणीस कशाला केलाय तुम्हाला?"

रविवारी मंडळाच्या सगळ्या बायका मल्लेश्वरममध्ये एका लग्नाला गेल्या होत्या. पोरंही आयांबरोबर. मी दुपारी एकटाच अण्णांकडं निघालो. वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. आदरानं, पण ठामपणे. आषाढाचा वारा असा की रस्त्यावरच्या गुलमोहराच्या शेंगा खुळखुळत होत्या.

फाटकाशी आलो आणि थांबलो. घराच्या पायरीवर अण्णा आणि अक्का शेजारी शेजारी बसले होते. अक्कांनी ती हिरवी साडी नेसली होती, मांडीवर कापडी पिशवी होती, पायात चपला. डोळे रस्त्याच्या टोकाकडं.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"देवनहळ्ळीला," अक्का म्हणाल्या. "माझे अप्पा न्यायला यायचेत. उशीर झाला त्यांना." मग अण्णांकडं बोट करून हळूच म्हणाल्या, "हे कोण आहेत कोण जाणे, चांगले आहेत हो, सोबत बसलेत."

अक्कांचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. मी अण्णांकडं पाहिलं. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "वारा सुटलाय. बस हळू येत असेल. स्वल्प पाहू या."

मीही पायरीवर बसलो. आम्ही तिघं वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळानं अक्का उठल्या, पिशवी तिथंच ठेवून आत गेल्या आणि आडव्या झाल्या. अण्णांनी पिशवी उचलून झटकली. आत एक टॉवेल आणि कंगवा होता.

"डॉक्टर म्हणाले, औषध असं काही नाही," अण्णा बोलू लागले. "माणसांत ठेवा म्हणाले. आमच्याकडं माणसं कुठली ओ? मुलगा दुबईला. मी असा. मग हे दोघं आले." त्यांनी दाराआडच्या टेबलांकडं मान वळवली. "माणसं येतात त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत इथं असते. कुणी आलं नाही की दुपारीच निघते देवनहळ्ळीला. योगायोग असेल, म्हणून पुन्हापुन्हा पाहिलं. एक दिवस सगळ्यांना बोलावलं, एक दिवस दार लावून घेतलं. नेहमी तसंच येतं."

मी उगीचच विचारलं, "आणि चाळीस-पंचवीस?"

"पंचवीस," ते लगेच म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात कळलं. सगळ्या कामात थोडा थोडा पुढं आहे तो. त्यात एवढं पाहण्यासारखं काय आहे?" आणि दोन्ही मनगटांवरची घड्याळं त्यांनी उगाच चाचपली. "तुम्ही न्यायला आलात ना? न्या. स्मरणिका अडलीय माझ्यामुळं. मला समजतं."

मी कॉम्प्युटर नेले नाहीत. घरी जाऊन सुधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मंडळच तिकडं ने ना."

पुढच्या बैठकीत मी तेच केलं. म्हणालो, मंडळाला ऑफिस नाही, अण्णांची पुढची खोली रिकामी आहे, स्मरणिकेचं सगळं काम तिथंच होऊ दे. अण्णांवर कुणा परीक्षकाची नजर हवीच, ती मी ठेवीन. थोडी कुरकुर झाली. उरला प्रश्न भाच्याचा. कुलकर्णी हसत म्हणाले, "त्याला आता पेंटियमच पाहिजे. एवढे दिवस वाट पाहायला लावली ना, तेवढ्यात त्याची भूक वाढली. दोन्ही ठेवा तुम्ही."

कुलकर्ण्यांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी कुणी सांगितलं असेल. कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पत्नीही टाइप करायला येऊ लागल्या, आणि त्यांना टाइप करता येत नव्हतं.

ते दोन महिने अण्णांचं घर म्हणजे लग्नघर झालं. मजकूर तपासायला माणसं, चित्रं काढायला माणसं, नुसती चकली खायला माणसं. सुधा पंचवीससमोर बसे आणि अक्का तिच्या शेजारी. एका दुपारी सुधानं त्यांना म्हटलं, "अक्का, ती पपनसाची गोष्ट सांगा ना, मी लिहिते." अक्का सांगत गेल्या तशी ती टाइप करत गेली. काहीच सुधारलं नाही, त्यांचे कानडी शब्दसुद्धा तसेच ठेवले. देवनहळ्ळीच्या परड्यातली झाडं, फांद्या वाकवणारी मोठी फळं, अर्ध्या सालीचं शिरस्त्राण करून भावंडांनी खेळलेल्या लढाया, आणि साल डोक्यात घट्ट बसली म्हणून रडणारा धाकटा भाऊ. स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत होतं, दोन कविता होत्या, बंगळुरातल्या मराठी माणसांवर एक विद्वत्तापूर्ण लेख होता. लोकांनी वाचलं ते पपनसाचं पान. गणपतीच्या मांडवात बायका अक्कांना येऊन सांगत होत्या आणि अक्का प्रत्येकीला विचारत होत्या, "तू कुणाची गं?"

पुढं मंडळाला नवा कॉम्प्युटर मिळाला, ऑफिसही मिळालं. चाळीस आणि पंचवीस अण्णांच्याच खोलीत राहिले. पोरं मोठी झाली, खेळ बदलले. बायकांपैकी कुणी नोकरीला लागल्या, कुणाच्या नवऱ्यांच्या बदल्या झाल्या. तरी सुधा जात राहिली, कुलकर्णीबाई जात राहिल्या, समोरचे कानडी आजोबा तर कान लावायला रोजच येत. अक्का अजून बऱ्याच दूर गेल्या होत्या. पण अण्णा म्हणत, सुधाचा आवाज आला की त्या मान वर करतात.

नव्वदचं दशक संपता संपता माझी पुण्याला बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मी अण्णांचा निरोप घ्यायला गेलो. सकाळची वेळ होती. दार उघडंच होतं. आत अक्का खुर्चीत, पायावर शाल घेऊन बसलेल्या आणि अण्णा त्यांच्यासमोर स्टुलावर, हातात स्मरणिका. कडा मऊ झाल्या होत्या. ते वाचून दाखवत होते. मी दारातच थांबलो. त्यांनी मला पाहिलं आणि हातानं थांबा अशी खूण केली, वाचन न थांबवता.

अण्णांना मोठ्यानं वाचायची सवय नव्हती. तपासणीचे आकडे सांगावेत तसे ते एकेक शब्द सुटा करून वाचत. पण धाकट्या भावाच्या डोक्यात साल अडकली तिथं अक्का हसल्या. खुदकन, लहान मुलीसारख्या. पान संपलं.

"छान लिहिलंय," अक्का म्हणाल्या. "कोण ओ ही बाई?"

"आहे एक."

"आमच्या देवनहळ्ळीचीच दिसते."

"हो. तिथलीच."

"तुम्ही ओळखता?"

"ओळखतो."

"कशी आहे?"

अण्णांनी स्मरणिका मांडीवर ठेवली. "फार चांगली आहे," ते म्हणाले.

"मग आणा की एकदा घरी," अक्का म्हणाल्या. "मला पण कुणी बोलायला होईल."

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला.

"सरी," ते म्हणाले. "सांगतो तिला."

आणि त्यांनी तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.